बोलणं कोणी सुरू केलं?

“आधी फायरवॉल बंद करून बघा.”

रिमोट डेस्कटॉप, म्हणजे दूरच्या मशीनचा पडदा आपल्याकडे आणून ते चालवायची सोय, जोडला जात नाही म्हटलं की पहिला सल्ला हाच मिळतो. कॉम्प्युटर दुरुस्त करणारा मुलगा हेच सांगतो, हिशेबाचं सॉफ्टवेअर बसवून देणारा माणूस हेच सांगतो, हेल्पलाइनवरचा आवाजही हेच सांगतो. आणि बहुतेक वेळा सल्ला लागू पडतो, हीच त्यातली वाईट गोष्ट. जोडणी होते, काम उरकतं, सगळे आपापल्या उद्योगाला लागतात आणि फायरवॉल, म्हणजे मशीनमध्ये काय येऊ द्यायचं ते ठरवणारी पहारेकरीण, बंद ती बंदच राहते. वर्षानुवर्षं. मी छोट्या ऑफिसांची नेटवर्क सांभाळते. नव्या मशीनवर पहिल्यांदा गेले की आधी फायरवॉलचं तेवढं एकच पान उघडून बघते. डोमेन, प्रायव्हेट, पब्लिक अशा नेटवर्कच्या तीन प्रकारांच्या तीन ओळी आणि तिन्हींसमोर लाल खूण. ती खूण दिसली की मी विचारते, “हे कधी बंद केलं?” उत्तर ठरलेलं असतं: “प्रिंटर बसवला तेव्हा बहुतेक.” किंवा “ते नाही का, तुमच्या आधी एक जण यायचे, त्यांनी.”

मला या सल्ल्याची चीड येते. एक ठेवायचं तर दुसरं घालवायचं, अशी या दोन गोष्टींची सांगड लोकांच्या मनात बसली आहे, आणि ती खोटी आहे. फायरवॉल आणि रिमोट डेस्कटॉप एकाच मशीनवर सुखाने नांदतात. माझं सगळं काम त्याच भरवशावर चालतं. फक्त फायरवॉल नेमकं काय बघते, हे एकदा शांतपणे समजून घ्यावं लागतं.

फायरवॉलला सज्जन-दुर्जन कळत नाही. आपल्या घरातल्या कॉम्प्युटरवरची फायरवॉल मुख्यतः एकच गोष्ट तपासते: हे बोलणं सुरू कोणी केलं? तुम्ही ब्राउझर उघडून बँकेच्या साइटवर गेलात, तर पहिलं पॅकेट, म्हणजे माहितीचं पहिलं पुडकं, तुमच्याकडून निघालं. फायरवॉल त्याची नोंद करून ठेवते. या मशीनवरून, त्या पत्त्याकडे, अमुक पोर्टवर, म्हणजे तिथल्या सेवेच्या ठरलेल्या क्रमांकावर. बँकेच्या सर्व्हरचं उत्तर आलं की ती नोंद पडताळून बघते, जुळलं की आत सोडते. पण कोणी आपणहून बाहेरून हाक मारली, तर अशी नोंद सापडत नाही. तसा परवानगीचा नियमही आधीच केलेला नसेल, तर ते पॅकेट ती तिथल्या तिथे टाकून देते. ‘नाही’ एवढंही उत्तर पाठवत नाही. हाक मारणाऱ्याला या पत्त्यावर कोणी राहतं की नाही, हेसुद्धा कळत नाही.

ही नोंद ठेवण्याची सोय पहिल्यापासून नव्हती. 1980च्या दशकाच्या शेवटी आलेल्या पहिल्या फायरवॉल प्रत्येक पॅकेट सुटंसुटं तपासायच्या. कुठून आलं, कुठे चाललं, कोणत्या पोर्टवर, एवढंच. आधी काय बोलणं झालं होतं, हे त्यांच्या लक्षात राहत नसे. लक्षात ठेवणाऱ्या फायरवॉल रुळल्या त्या 1990च्या दशकात. इस्रायलच्या चेक पॉइंट कंपनीची फायरवॉल-वन 1994ची.

आमच्या पिढीला मात्र फायरवॉलची किंमत कळली ती 2003च्या ऑगस्टमध्ये. ब्लास्टर नावाचा वर्म, म्हणजे मशीनमागून मशीन आपोआप पसरणारा प्रोग्रॅम, तेव्हा फिरत होता. पुण्यातल्या सायबर कॅफेत तासावर पैसे मोजून बसायचे ते दिवस. मेल लिहिता लिहिता मधेच एक खिडकी उघडायची: सिस्टिम बंद होत आहे. खाली साठ सेकंदांची उलटी मोजणी. बंद करायला बटण नाही. शेजारच्या मशीनवर तेच, त्याच्या शेजारीही तेच. कॅफेवाला धावत यायचा, रनमध्ये जाऊन ‘शटडाउन -ए’ टाइप करायचा, मोजणी थांबायची, आणि तो पुढच्या खुर्चीकडे वळायचा. कोणी काही डाउनलोड केलेलं नसायचं, कसल्याही लिंकवर क्लिक केलेलं नसायचं. ते मशीन इंटरनेटला जोडलेलं होतं आणि विंडोजची एक सेवा पोर्ट 135 वर ऐकत बसली होती, एवढं त्या वर्मला पुरत होतं.

विंडोज एक्सपीत फायरवॉल होती तेव्हाही. 2001 मध्ये एक्सपी आली तेव्हापासून होती, पण मुळात बंद ठेवलेली. ब्लास्टरचा इलाज करताना पहिली पायरी हीच असायची की आधी फायरवॉलची खूण करा, मग नेट जोडा, मग पॅच, म्हणजे विंडोजमधलं छिद्र बुजवणारी दुरुस्ती, उतरवा. नाहीतर पॅच उतरायच्या आत मशीन पुन्हा पडायचं. ऑगस्ट 2004 मध्ये एक्सपीचा सर्व्हिस पॅक 2 आला आणि तेव्हापासून विंडोजची फायरवॉल आपोआप चालू असते. ज्या गोष्टीसाठी जगाने एवढी किंमत मोजली, ती आपण प्रिंटर चालेना म्हणून बंद करतो. मला हे फार लागतं.

आता रिमोट डेस्कटॉपकडे येते. एवढ्या एका नावाखाली दोन अगदी वेगळ्या जातीची सॉफ्टवेअर येतात, आणि सगळा घोळ तिथे सुरू होतो.

पहिली जात ऐकत बसणारी. विंडोजचा स्वतःचा रिमोट डेस्कटॉप यातला. तो पोर्ट 3389 वर कान लावून असतो. इंग्लंडमध्ये केंब्रिजच्या ऑलिव्हेटी रिसर्च लॅबोरेटरीत 1990च्या दशकात जन्मलेलं व्हीएनसी यातलंच. ते 5900 वर ऐकतं. यांच्याशी बोलायचं तर बाहेरच्याने सुरुवात करायची. म्हणजे फायरवॉलच्या मूळ स्वभावाच्या विरुद्ध. तिला मुद्दाम सांगावं लागतं की अमुक पोर्टवर, अमुक प्रोग्रॅमसाठी, बाहेरून आलेली हाक आत येऊ दे.

जुन्या वाड्यांच्या मोठ्या दरवाजातच एक दिंडी दरवाजा असायचा. मोठी दारं बंद. येणाऱ्याने एकट्याने वाकून दिंडीतून आत यायचं, आणि आतल्याला कोण येतंय ते दिसायचं. फायरवॉलमध्ये एखादा नियम करणं म्हणजे अशी दिंडी ठेवणं. “फायरवॉल बंद करा” म्हणणारा माणूस दिंडी अडते म्हणून मोठा दरवाजाच बिजागरीतून काढून बाजूला ठेवायला सांगत असतो.

दुसरी जात बाहेर फोन करणारी. टीमव्ह्यूअर, एनीडेस्क वगैरे. टीमव्ह्यूअर जर्मनीतल्या ग्योपिंगेन गावचं, 2005चं. एनीडेस्कही जर्मनीतलंच, श्टुटगार्टचं, 2014चं. या प्रोग्रॅमना बाहेरून कोणी हाक मारत नाही. ते स्वतःच बाहेर जाऊन आपल्या कंपनीच्या सर्व्हरला सांगतात, मी इथे आहे, माझा नंबर हा. समोरच्याच्या मशीनवरचा प्रोग्रॅमही तसाच बाहेर जातो. मधला सर्व्हर दोघांची गाठ घालून देतो. टीमव्ह्यूअर आधी पोर्ट 5938 वरून जायचा प्रयत्न करतं. तो अडला तर 443, तोही अडला तर 80. आता 443 म्हणजे सगळ्या सुरक्षित वेबसाइटचं पोर्ट. ते अडवलं तर बँक, रेल्वे, जीएसटी सगळंच अडेल, म्हणून कोणी अडवत नाही. घरातली फायरवॉल बघते: बोलणं कोणी सुरू केलं? आतल्याने. मग जाऊ दे.

यातला एक प्रकार मला अजूनही विलक्षण वाटतो. गाठ पडल्यावर दोन्ही मशीन मधल्या सर्व्हरला बाजूला ठेवून थेट बोलायला बघतात. त्यासाठी दोघंही एकमेकांच्या पत्त्यावर साधारण एकाच वेळी पॅकेट पाठवू लागतात. इकडच्या फायरवॉलने आपलं पॅकेट बाहेर जाताना पाहिलेलं असतं, म्हणून तिकडून येणारं तिला उत्तर वाटतं. तिकडच्या फायरवॉललाही नेमकं तेच वाटतं. दोन्हींच्या वहीत ‘आम्ही सुरुवात केली’ अशी नोंद असते, आणि दोन्ही नोंदी खऱ्या असतात. कोणाचाच नियम मोडला जात नाही. हे जमलं नाही तर मधला सर्व्हर निरोप्याचं काम करतो. चित्र थोडं रेंगाळतं, एवढंच.

आपल्याकडे ही दुसरी जात एवढी का पसरली, याचं एक कारण आपल्या इंटरनेटच्या बांधणीतच आहे. जगातले जुन्या पद्धतीचे आयपी पत्ते, म्हणजे इंटरनेटवर मशीनला ओळखायचे क्रमांक, कधीच पुरेनासे झाले. त्यामुळे मोबाइल कंपन्या आणि बरेच ब्रॉडबँडवाले असंख्य गिऱ्हाइकांना मिळून एकच बाहेरचा पत्ता देतात आणि आतल्या आत 100.64 पासून 100.127 पर्यंतचे पत्ते वाटतात. 2012 मध्ये हे पत्ते खास या कामासाठी राखून ठेवले गेले. अशा जोडणीवर तुम्ही राऊटरमध्ये कितीही पोर्ट उघडा, बाहेरून हाक मारणारा तुमच्यापर्यंत पोचतच नाही, कारण त्याच्या वाटेत कंपनीचं यंत्र असतं आणि तिथे तुमची नोंद नसते. गावाकडे फोनच्या हॉटस्पॉटवर लॅपटॉप चालवणाऱ्याला विंडोजचा रिमोट डेस्कटॉप थेट लागू होत नाही तो यामुळे. तिथे फायरवॉल बंद करून काडीचा उपयोग नसतो. तरी केली जाते.

माझी आत्या रत्नागिरीला एकटी राहते. तिचं पेन्शन, लाइट बिल, भाच्यांचे फोटो, सगळं एका जुन्या डेस्कटॉपवर. काही अडलं की ती मला फोन करते, आणि मग मी तिच्या मशीनवर जाते. ‘जाते’ हा शब्द आम्ही दोघी अगदी सहज वापरतो. “अगं, ये ना जरा, ते पान पुन्हा दिसेना झालंय.”

नंबर सांगायचा सोहळा आधी. तिच्या पडद्यावर नऊ-दहा आकडी नंबर येतो, आणि ती तो जोडीजोडीने वाचते: त्रेसष्ट, एकोणऐंशी, सत्तेचाळीस. मला ते कळतं. माझ्या मुलाला तिने एकदा असाच नंबर सांगितला तर तो एकोणऐंशीवरच अडकला, आणि तेव्हापासून त्याच्यासाठी ती एकेक आकडा सुटा सांगते. मग तिच्याकडे खिडकी येते: अमुक व्यक्ती जोडू इच्छिते, स्वीकारायचं का? ती मोठ्याने माझं नाव वाचते. वाचूनच ‘हो’ दाबते. हे तिने स्वतःहून सुरू केलं, मी शिकवलं नव्हतं, आणि मला त्याचं मनापासून कौतुक आहे.

मध्येच एक क्षण असा येतो की माझ्याकडचा पडदा काळा होतो किंवा थिजतो. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं, लाइन तुटली. तुटलेली नसते. विंडोजने तिच्याकडे परवानगीची खिडकी उघडलेली असते: या प्रोग्रॅमला मशीनमध्ये बदल करू द्यायचा का? ही खिडकी विंडोज वेगळ्या, राखीव पडद्यावर दाखवते. न बसवता नुसत्याच चालवलेल्या रिमोट सॉफ्टवेअरला तो पडदा दिसत नाही आणि तिथे माझा माउसही पोचत नाही. तिथलं ‘हो’ तिच्या खोलीत, तिच्या हातानेच दाबलं जायला हवं. पुष्कळ जण या गोष्टीने वैतागतात आणि ती सोय कायमची कशी घालवायची ते शोधतात. मी ती तशीच ठेवली आहे. मी फोनवर सांगते, “आत्या, आता तुझ्याकडे एक प्रश्न आलाय, काय लिहिलंय वाच.” ती अडखळत वाचते. कधी विचारते, “याने काय होईल?” मी सांगते. मग ती दाबते. दोन मिनिटं जास्त लागतात. मशीन तिचं आहे, लागू देत.

फायरवॉलची खिडकी अशीच एकदा तिच्याकडे आली होती, आणि तिथे जे घडलं ते मला फार ठिकाणी सापडतं, म्हणून सविस्तर सांगते. एखादा प्रोग्रॅम पहिल्यांदा ऐकत बसायला बघतो तेव्हा विंडोज विचारते की फायरवॉलने याला अडवलंय, येऊ द्यायचं का? खाली दोन चौकोन, प्रायव्हेट आणि पब्लिक. मग दोन बटणं, परवानगी आणि रद्द. अनोळखी खिडकी दिसली की सावध माणूस ‘रद्द’ दाबतो. आत्यानेही दाबलं. सगळ्यांना वाटतं, रद्द म्हणजे काहीच झालं नाही, पुढच्या वेळी पुन्हा विचारेल. तसं होत नाही. विंडोज त्या प्रोग्रॅमच्या नावाने अडवण्याचे नियम लिहून टाकते, साधारणपणे दोन: एक टीसीपीचा, एक यूडीपीचा, म्हणजे पॅकेट पाठवायच्या दोन पद्धतींचा एकेक. आणि विंडोजच्या फायरवॉलमध्ये अडवण्याचा नियम परवानगीच्या नियमापेक्षा वरचढ असतो. पुढे कोणी शहाणा माणूस येऊन त्याच प्रोग्रॅमला परवानगी देणारा नियम नीट लिहितो, तरी जोडणी होत नाही. तो पुन्हा लिहितो. पोर्ट तपासतो, प्रोग्रॅम काढून परत बसवतो. शेवटी कंटाळून फायरवॉलच बंद करतो, आणि झटक्यात सगळं चालायला लागतं. त्याची खात्री पटते की दोष फायरवॉलचाच होता.

खरं तर इनबाउंड, म्हणजे आत येणाऱ्या जोडण्यांच्या, नियमांच्या यादीत जाऊन त्या प्रोग्रॅमच्या नावासमोरच्या दोन लाल ओळी शोधायच्या आणि काढायच्या, एवढंच काम असतं. यादी नावाच्या क्रमाने लावून घेतली की त्या लगेच सापडतात. हे काम मी इतक्या घरांत केलंय की आता ‘फायरवॉल बंद केल्यावर चालतं’ असं कोणी म्हणालं की मी आधी त्या लाल ओळी शोधते.

दुसरं असंच नेहमीचं दुखणं प्रायव्हेट-पब्लिकचं. सांगलीच्या एका सीएंच्या ऑफिसात वळवाच्या पावसात वीज कडाडली आणि राऊटर जळाला. दुसऱ्या दिवशी नवा आला, इंटरनेट सुरू झालं, पण वरच्या मजल्यावरून खालच्या मशीनचं व्हीएनसी लागेना. त्या मशीनवर कोणी काही बदललेलं नव्हतं. बदललं होतं ते फायरवॉलचं मत. राऊटर नवा, म्हणून विंडोजच्या लेखी ते नेटवर्कच नवं, आणि अनोळखी नेटवर्कला ती पब्लिक समजते, रेल्वे स्टेशनवरचं वायफाय असावं तसं. व्हीएनसीला परवानगी होती ती फक्त प्रायव्हेटमध्ये. नेटवर्कच्या सेटिंगमध्ये जाऊन ते प्रायव्हेट केलं, काम सुरू झालं. फायरवॉलने तिचं काम चोख केलं होतं. नवख्या जागी ती जास्त सावध झाली, याबद्दल मला तिचा आदरच वाटतो.

त्याच ऑफिसची आणखी एक गोष्ट, जास्त गंभीर. 24 मार्च 2020च्या रात्री लॉकडाउन जाहीर झाला. मार्च अखेरीचे दिवस, सीएंच्या ऑफिसात पाय ठेवायला जागा नसते तेव्हा. टॅली एका मशीनवर, आर्टिकलशिपची मुलं आपापल्या गावी. कोणीतरी तातडीने सोय करून दिली: ऑफिसच्या ब्रॉडबँडला कायमचा पत्ता होता, राऊटरमध्ये 3389 थेट टॅलीच्या मशीनकडे वळवलं, आणि मध्ये अडथळा नको म्हणून फायरवॉल बंद. त्या आठवड्यात सगळ्या जगाने असंच काहीतरी केलं. लोकांना काम चालू ठेवायचं होतं, मुलांचे पगार द्यायचे होते. त्या निर्णयामागची घाई मला समजते.

मला बोलावलं ते काही महिन्यांनी. मशीन मंद झालंय, सकाळी सकाळी पासवर्ड बरोबर असूनही अकाउंट लॉक झालेलं असतं, अशी तक्रार होती. मी इव्हेंट व्ह्यूअर उघडला आणि सिक्युरिटीची नोंदवही बघितली. 4625, 4625, 4625. हा विंडोजचा फसलेल्या लॉगिनचा क्रमांक. रात्री अडीचला, अडीच वाजून दोन सेकंदांनी, चार सेकंदांनी. एकेक नोंद उघडली की वापरलेलं नाव दिसायचं: अॅडमिनिस्ट्रेटर, अॅडमिन, टेस्ट, युजर, स्कॅनर, बॅकअप, अकाउंट्स. ‘टॅली’सुद्धा होतं. पडदा खाली सरकवत गेलं तरी ओळी संपत नव्हत्या. सर माझ्या मागे उभे होते. म्हणाले, “मॅडम, हे कोण आहेत एवढे? आमचं ऑफिस कुणाला ठाऊक असणार?” त्यांचं ऑफिस कोणालाच ठाऊक नव्हतं. इंटरनेटवरचे सगळे पत्ते ओळीने चाळणारे प्रोग्रॅम रात्रंदिवस चालू असतात. जिथे 3389 वर उत्तर मिळालं, तिथे नावं आणि पासवर्ड लावून बघायला सुरुवात होते. पोर्टचा आकडा बदलला तर थोडी उसंत मिळते, पण चाळणारे बाकीची पोर्टही चाळतातच.

पासवर्ड भक्कम असला तरी पुरत नाही, हे 2019च्या मे महिन्यात दिसलं होतं. विंडोजच्या जुन्या आवृत्त्यांमधल्या रिमोट डेस्कटॉप सेवेत एक छिद्र सापडलं, ब्लूकीप म्हणतात त्याला. पासवर्ड माहीत नसतानाही बाहेरचा माणूस त्यातून मशीनचा ताबा घेऊ शकत होता, आणि तसा वर्म मशीनमागून मशीन पसरला असता. मायक्रोसॉफ्टने 2014 मध्येच आधार काढून घेतलेल्या एक्सपीसाठीसुद्धा पॅच दिला, यावरून धोक्याचा अंदाज यावा. ज्या मशीनचं 3389 बाहेरून दिसत नव्हतं, त्यांच्या मालकांना निदान इंटरनेटवरून थेट येणाऱ्या त्या हल्ल्याची धास्ती नव्हती.

सांगलीला आम्ही काय केलं ते थोडक्यात. राऊटरमधली ती वळवणी काढून टाकली. पासवर्ड सगळे बदलले, चुकीच्या प्रयत्नांना मर्यादा आधीपासून होती ती ठेवली. ऑफिसात एका छोट्या यंत्रावर वायरगार्डचं व्हीपीएन, म्हणजे बाहेरून ऑफिसच्या नेटवर्कमध्ये यायची कुलूपबंद वाट, बसवलं. वायरगार्डची एक खुबी मला फार आवडते: ज्याच्याकडे योग्य किल्ली नाही, त्याला ते अजिबात उत्तर देत नाही. चाळणाऱ्याला तिथे काही आहे हेच कळत नाही. मुलं आधी व्हीपीएन जोडतात, मग रिमोट डेस्कटॉप. बोलणं मुलाच्या लॅपटॉपवरून सुरू होतं, म्हणून गावाकडच्या मोबाइल नेटवरूनही चालतं.

आणि टॅलीच्या मशीनवरची फायरवॉल पुन्हा चालू केली. इथे एक जागा दाखवायची आहे, कारण तिथे फारसं कोणी जात नाही. रिमोट डेस्कटॉपचा इनबाउंड नियम उघडला की आत स्कोप नावाचं एक पान असतं. त्यावर खाली ‘रिमोट आयपी अॅड्रेस’, आणि तिथे मूळची खूण असते ‘कोणताही’वर. ती बदलून तिथे व्हीपीएनचे मोजके पत्ते लिहिले. बस. आता ऑफिसातल्याच दुसऱ्या एखाद्या मशीनला काही लागण झाली, तरी त्याला टॅलीच्या मशीनचं 3389 दिसत नाही. दिंडी आहे, आणि ती कोणासाठी आहे तेही लिहून ठेवलंय. दुसऱ्या दिवशी सकाळी सरांनी स्वतः इव्हेंट व्ह्यूअर उघडून बघितला. 4625 ची एकच नोंद होती, आर्टिकलशिपच्याच एका मुलाची, कॅप्स लॉक चालू राहिलेली.

आता ज्याची मला सगळ्यात जास्त काळजी वाटते, ते. बाहेर फोन करणाऱ्या जातीच्या सॉफ्टवेअरपुढे फायरवॉलचा इलाज चालत नाही, कारण ती विचारते तो प्रश्न तिथे आधीच सुटलेला असतो. सुरुवात आतल्याने केली. पण आतल्याने ती कोणाच्या सांगण्यावरून केली, हे तिला कळायला मार्ग नाही.

‘मागच्या महिन्याचं बिल अपडेट नाही, आज रात्री साडेनऊला वीज तोडली जाईल, या अधिकाऱ्याशी संपर्क करा’ हा मेसेज महाराष्ट्रात कितीजणांना आला असेल. फोन केला की समोरचा अदबीने बोलतो, एक अॅप उतरवायला सांगतो, त्यावर आलेला नंबर विचारतो, आणि मग दहा रुपयांचं पेमेंट करायला लावतो. पिन दाबलेला, ओटीपी आलेला, सगळं त्याला त्याच्या पडद्यावर दिसत असतं. रिझर्व्ह बँकेने 2019च्या फेब्रुवारीतच बँकांना या पद्धतीबद्दल सावध केलं होतं, तेव्हा एनीडेस्कचं नावही त्यात होतं. सॉफ्टवेअरमध्ये कुठलंही छिद्र नव्हतं. मी आत्याला मदत करते त्याच वाटेने, त्याच नऊ-दहा आकड्यांनी तो माणूस आत येतो.

म्हणून फायरवॉलचा तो एकच प्रश्न मी आत्याला तिच्या भाषेत दिला आहे: फोन तू केलास की त्यांनी? तिने तिच्या डायरीतला नंबर बघून बँकेला फोन केला, तर बोलणं तिने सुरू केलं. मेसेजमधल्या नंबरवर फोन लावला, तर बटणं तिने दाबली तरी सुरुवात समोरच्याची. तो फरक समजायला तिला वेळ लागला नाही. जन्मभर शाळेत शिकवलं तिने, कोण कोणाला भरीला घालतंय ते तिला बरोबर कळतं. माझ्या बाजूनेही एक पथ्य आहे. मी स्वतःहून तिला फोन करून ‘नंबर सांग’ असं म्हणत नाही, अगदी मशीनवरचं काम राहून गेलं असलं तरी. तिला निरोप ठेवते, ती सवडीने फोन करते. तिच्या कानाला एकच क्रम सवयीचा व्हावा, असं मला वाटतं. उद्या माझ्या आवाजातही कोणी बोलेल, आणि तेव्हा आवाज ओळखून काही ठरवता येणार नाही. कायमच्या प्रवेशाचा पासवर्डही मी तिच्या मशीनवर ठेवलेला नाही. ती असेल आणि ‘हो’ म्हणेल तेव्हाच मी तिथे. आणि पैसे गेलेच कोणाचे, तर 1930 वर ताबडतोब फोन करायचा, हे तिने फोनशेजारच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहून चिकटवलंय. लवकर कळवलं तर रक्कम वाटेत थांबवता येण्याची शक्यता असते, म्हणून तिथे लाजत बसू नये.

राहता राहिला तिचा डेस्कटॉप. तो विंडोज 10 वर आहे आणि 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10च्या नेहमीच्या अपडेट थांबल्या. नाव नोंदवून एक वर्षाच्या वाढीव सुरक्षा अपडेट मिळतात, ते केलंय. शिवाय फायरवॉलच्या पानावर एक चौकोन असतो: आत येणाऱ्या सगळ्या जोडण्या अडवा, परवानगीच्या यादीतल्यासुद्धा. तोही टिक केला. तिला घरात दुसरं मशीन नाही, कोणाला काही शेअर करायचं नाही, मग यादी तरी कशाला हवी? टिक करून मी तिला म्हटलं, “आता सगळं बंद केलंय, मला पुन्हा बोलावून बघ.” तिने प्रोग्रॅम उघडला, नंबर वाचला, माझं नाव वाचून ‘हो’ दाबलं, आणि तिचा पडदा माझ्यासमोर आला. आतलं एकही पोर्ट उघडं नसताना. नवं मशीन घ्यायचं ठरलंय आमचं, पण तिला तिचा जुना कीबोर्डच हवाय, तो नव्याला लागेल ना, एवढीच तिची चौकशी आहे. लागेल.